नारळवाल्या मुलाचा गुणाकार

ब्राझील देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर रेसिफे नांवाचें मोठें बंदर आहे. सन १९८० च्या सुमारास त्या शहराच्या कडा अंतर्भागांतील दारिद्र्याला कंटाळून आलेल्या कुटुंबांनीं भरून गेल्या होत्या. या कुटुंबांतील कित्येक मुलें, कांहीं आईबापांच्या हाताखालीं तर कांहीं थोडीं मोठीं झाल्यावर स्वतंत्रपणें, रस्त्याच्या कोपऱ्यावर किंवा बाजारांत नारळ, मक्याचीं कणसें, शेंगदाणे असा माल मांडून बसत. गिऱ्हाइकाशीं बोलावें, हिशेब तोंडीं करावा, मोड परत द्यावी, हा त्यांचा नित्यक्रम. हिशेबांत चुकलें तर पदरचे पैसे जावयाचे. म्हणून चूक सहसा होत नसे. परंतु हींच मुलें शाळेंत जाऊन बसलीं कीं गणितांत मागें पडत, आणि त्यांतील पुष्कळांच्या कपाळीं नापासाचा शिक्का बसे.

पेर्नांबुको येथील विद्यापीठांतील तीन मानसशास्त्रज्ञांना हा विरोध खटकला. तेरेझिन्या नुनेस (त्या वेळीं त्या कॅरॅहर या नांवानें लिहीत असत), डेव्हिड कॅरॅहर आणि आनालुसिया श्लीमान हीं तीं तीन नांवें. मुलांना विद्यापीठांत बोलावून तपासण्याची रूढ रीत त्यांनीं बाजूला ठेविली आणि गिऱ्हाईक होऊन बाजार गांठला.

१२ वर्षांचा, तिसऱ्या इयत्तेंत शिकणारा एक मुलगा नारळ विकीत होता. एका नारळाची किंमत ३५ क्रुझैरो. चार नारळांचे किती, असें विचारतांच त्यानें प्रथम तीन नारळांचे १०५ धरले, त्यांत ३० मिळवून १३५ केले, मग राहिलेले ५ घालून १४० असें उत्तर दिलें. दहा नारळांचे किती, या प्रश्नालाही त्याची रीत तीच. तिनांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, आणखी तिनांचे मिळून ३१५, आणि एक राहिला त्याचे ३५, एकूण ३५०. दहानें गुणावयाचें तर संख्येवर शून्य चढवावें, ही शाळेंतील युक्ति त्यानें वापरली नाहीं. कोणी म्हणेल, मुलानें लांबचा रस्ता घेतला. पण तो रस्ता त्याच्या पायाखालचा होता आणि मुक्कामाला बिनचूक पोंचविणारा होता.

फार तर आठवड्याच्या अवधीनें हेच संशोधक कागद-पेन्सिल घेऊन त्या मुलाकडे पुन्हां गेले. ज्या संख्यांवर त्यानें बाजारांत हिशेब केले होते त्याच आतां शाळेंतल्याप्रमाणें मांडून त्याच्या पुढें ठेविल्या. ३५ गुणिले ४. मुलानें सुरुवात बरोबर केली : चार पंचे वीस, शून्य लिहिलें, हातचे दोन. नंतर मात्र ते हातचे दोन त्यानें गुणाकार करण्यापूर्वींच तिनांत मिळविले. त्यांचे पांच झाले. आणि पुन्हां चार पंचे वीस मांडून २०० असें उत्तर दिलें. चार नारळांचे दोनशें क्रुझैरो कोणीं सांगितले असते तर याच मुलानें त्याला हंसून वाटेला लाविलें असतें. कागदावर मात्र तें उत्तर त्याला खटकलें नाहीं.

अशीं पांच मुलें तपासलीं. वयें ९ ते १५, इयत्ता पहिलीपासून आठवीपर्यंत. बाजारांतील ६३ हिशेबांपैकीं शेंकडा ९८ बरोबर आले. त्याच संख्या शाब्दिक उदाहरणांत गुंफून घातल्या तेव्हां शेंकडा ७४ उत्तरें बरोबर आलीं. आणि नुसत्या आंकड्यांची मांडणी पुढें ठेविली तेव्हां शेंकडा ३७. पांच मुलें ही संख्या लहान खरी, आणि तेवढ्यावरून मोठा सिद्धांत रचणें धाडसाचें. पण १९८५ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याची जी दूरवर चर्चा झाली तिचें कारण निराळें होतें. ज्याला शाळा ‘ढ’ म्हणते त्याच्या डोक्यांत गणित शिरतच नाहीं, या सर्वत्र रुजलेल्या समजुतीला येथें कोणालाही दिसेल असा तडा गेला होता. पुढें १९८८ सालीं या मंडळींनीं पोर्तुगीज भाषेंत जें पुस्तक काढलें त्याचें नांवच मुळीं ‘जीवनांत दहा, शाळेंत शून्य’ अशा अर्थाचें होतें. दहा हे तेथील परीक्षेंतले पूर्ण गुण.

मुलगा तोच, आंकडे तेच, मध्यें आठवड्याहून अधिक काळ गेला नाहीं. मग चूक आली कोठून? डोक्यांतून आली म्हणावें तर बाजारांत तेंच डोकें चोख चालत होतें. परिस्थितींतून आली म्हणावें तर परिस्थिति कांहीं हातचे दोन भलत्या ठिकाणीं नेऊन मिळवीत नाहीं. तें काम डोक्याचेंच. मुलें गणित कशीं शिकतात याविषयीं गेल्या शंभर वर्षांत जो शास्त्रीय विचार झाला तो बहुतांशीं या दोन उत्तरांमध्यें वांटला गेला होता. एक पक्ष मुलाच्या बुद्धींत डोकावून पाही; दुसरा मुलाभोंवतीं बसलेल्या माणसांकडे पाही. हे दोन पक्ष एकत्र कसे आले, किंवा त्यांना एकत्र कां यावें लागलें, याची हकीकत अगदीं सरळ नाहीं.

दोन्ही पक्षांचे आद्य पुरुष एकाच सालीं, १८९६ मध्यें, जन्मले हा एक योगायोग. एक स्वित्झर्लंडचे झां पियाजे, दुसरे रशियन साम्राज्यांत जन्मलेले लेव्ह व्हिगॉट्स्की. पियाजे हे तरुणपणीं पॅरिस येथें मुलांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्यांचें काम पाहात होते. किती उत्तरें बरोबर आलीं हें मोजावें, एवढीच त्या कामाची अपेक्षा. पण त्यांचें लक्ष वेधलें चुकीच्या उत्तरांनीं. सारख्या वयाचीं मुलें सारख्याच तऱ्हेनें चुकतात, हें त्यांनीं पाहिलें. चुकीच्या मागेंही एक विचार असतो आणि वयाबरोबर तो पायरी-पायरीनें बदलतो, हें सूत्र त्यांना तेथें सांपडलें. १९४१ सालीं अलिना शेमिन्स्का यांच्या सहकार्यानें त्यांनीं मुलांच्या मनांतील संख्येच्या उगमावर ग्रंथ लिहिला. त्यांतील एक प्रयोग आतां शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. टेबलावर सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडतात. दोन्ही सारख्या आहेत असें मूल कबूल करतें. मग त्याच्या देखत एक ओळ पसरून लांब करतात आणि पुन्हां विचारतात. पांच-एक वर्षांचें मूल लांब ओळींत सोंगट्या जास्त आहेत असें सांगतें. सात-आठ वर्षांचें मूल या प्रश्नालाच हंसतें. यावरून पियाजे यांनीं असें काढलें कीं, संख्येची कल्पना मुलाला बाहेरून देतां येत नाहीं, ती त्याची त्यालाच आंत रचावी लागते.

शिक्षकवर्गावर या विचाराचे उपकार मोठे आहेत. फळ्यावरची चूक पुसून टाकण्यापूर्वीं ती वाचावयाची असते, हें ज्यांनीं शिकविलें त्यांत पियाजे अग्रभागीं. तथापि त्यांच्या प्रयोगाच्या खोलींत मुलाखेरीज आणखी एक व्यक्ति बसलेली असे, आणि ती व्यक्ति मोठें माणूस असे, या गोष्टीचा हिशेब त्यांनीं पुरेसा घेतला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत एडिंबरो येथें जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनीं तोच प्रयोग थोडा फिरवून केला. ओळ विस्कटण्याचें काम परीक्षकानें न करतां एका कापडी अस्वलाकडे दिलें. हें अस्वल मोठें खोडकर आहे, तें येऊन खेळ बिघडवितें, असें मुलांना सांगितलेलें होतें. अस्वलानें ओळ बिघडविल्यावर मात्र पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक मुलांनीं ‘दोन्ही सारख्याच आहेत’ असें उत्तर दिलें. याचा अर्थ उमगण्यास फार विद्वत्ता नको. एकदां उत्तर दिल्यावर मास्तरांनीं गंभीर चेहऱ्यानें तोच प्रश्न पुन्हां विचारला म्हणजे पहिलें उत्तर चुकलें असलें पाहिजे, हें कोणत्या मुलाला ठाऊक नसतें? सोंगट्यांबरोबर मूल माणसालाही वाचीत होतें.

ही माणसाची बाजू व्हिगॉट्स्की यांनीं फार आधीं मांडली होती. कोणतीही उच्च मानसिक शक्ति प्रथम दोन माणसांमध्यें प्रकट होते आणि मागाहून एकाच्या अंतरंगांत उतरते, असें त्यांचें प्रतिपादन. मूल आज दुसऱ्याच्या साह्यानें जें करूं शकतें तें उद्यां एकट्यानें करील. शिक्षकाचें क्षेत्र या आज आणि उद्यां यांच्या मधलें. पण क्षयानें १९३४ सालीं, अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांचा मुख्य ग्रंथ त्याच सालीं बाहेर आला आणि पुढें वीसेक वर्षें सोव्हिएत राजवटींतच तो दडपला गेला. इंग्रजी भाषेंत तो उतरला १९६२ सालीं. त्यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनीं १९३१ आणि १९३२ या दोन वर्षीं उझबेकिस्तानांतील शेतकऱ्यांमध्यें जें संशोधन केलें त्याची कथा आणखी उद्वेगजनक. तें रशियन भाषेंत संपूर्ण छापलें गेलें १९७४ सालीं. त्यांत हिशेबांचीही परीक्षा होती. दोन गांवांमधलें खरें अंतर घेऊन उदाहरण घातलें तर निरक्षर शेतकरी तें सोडवीत. पण मुद्दाम खोटें अंतर घालून, ‘समजा असें आहे’ म्हणून विचारलें तर पुष्कळजण हिशेब करण्याचेंच नाकारीत. गांव तितकें दूर नाहीं, मग हिशेब कशाचा? ज्या ‘समजा’ शब्दावर शाळेंतील सारें गणित उभें आहे तो शब्द शाळेनेंच शिकवावा लागतो, हें लुरियांना तेथें दिसलें. शाळेंत न गेलेल्यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टि मात्र थोडी वरून पाहणाऱ्याची होती, हेंही नमूद केलें पाहिजे.

आतां पुन्हां रेसिफेकडे वळावयास हरकत नाहीं. कारण गांठ सुटण्यास सुरुवात झाली ती तेथेंच. पहिल्या निबंधावर एक आक्षेप सहज घेतां येण्यासारखा होता : बाजारांत पैशाची धास्ती असते, म्हणून मुलें लक्ष देतात, यापलीकडे त्यांत विशेष काय? नुनेस, कॅरॅहर व श्लीमान यांनीं १९८७ सालीं दुसरा निबंध प्रसिद्ध केला. या वेळीं तिसऱ्या इयत्तेंतील १६ मुलें घेतलीं आणि प्रत्येकाला तीन प्रकारें गणितें घातलीं : लुटुपुटीचें दुकान मांडून, शाब्दिक उदाहरणें म्हणून, आणि नुसते आंकडे मांडून. दुकानांत आणि गोष्टीच्या उदाहरणांत मुलें बहुधा तोंडीं हिशेब करीत; आंकड्यांची मांडणी दिसली कीं हात आपोआप पेन्सिलीकडे जाई. आणि यशापयशाचा खरा फरक पडला तो या रीतीमुळें. मूल जेथें तोंडीं हिशेब करी तेथें तें सहसा चुकत नसे. जेथें लेखी रीत धरी तेथें घसरे.

येथें दोन्ही पक्षांचीं सूत्रें एका गांठींत आलेलीं दिसतात. कोणती रीत हातीं घ्यावयाची हें प्रसंग ठरवितो. कागद, परीक्षक, उभी मांडणी हीं सर्व शाळेच्या दरबारचीं चिन्हें, आणि तीं दिसतांच मूल दरबारी रीत धरतें. पण एकदां ती रीत हातीं आली म्हणजे पुढची चूक तिच्या अंतर्गत रचनेप्रमाणें होते. तोंडीं हिशेबांत पस्तीस हे पस्तीसच राहतात. त्यांतील तीस हे तीस नारळी पैसे असतात आणि मुलगा त्यांना तीसच म्हणतो. लेखी रीतींत त्या तिसांचे नुसते तीन होतात. तिनांत दोन मिळवावे कीं गुणून मग मिळवावे, हें सांगणारें त्या तिनांत कांहीं उरत नाहीं. नारळवाल्या मुलाचे दोनशें येथून निघाले. लेखी रीत वाईट असा याचा अर्थ नव्हे. मोठ्या संख्यांना तिच्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तोंडीं रीतीची धांव लवकर संपते. मात्र ती रीत ज्या मुलाच्या हातीं अर्थावांचून पडते, त्याला ती आंधळ्याच्या हातीं दिलेल्या कंदिलासारखी आहे.

याच सुमारास अमेरिकेंत जीन लेव्ह या विदुषी प्रौढ माणसांच्या हिशेबाचा मागोवा घेत होत्या. कॅलिफोर्नियांतील बायाबापड्या दुकानांत कोणता माल स्वस्त पडतो हें ठरवितांना शेंकडा ९८ वेळां बरोबर असत. त्याच प्रकारच्या गणितांची लेखी परीक्षा घेतल्यावर शेंकडा ५९. त्यांच्या १९८८ सालच्या पुस्तकांतील एक गृहस्थ तर प्रसिद्धच झाले आहेत. पथ्याच्या जेवणांत त्यांना दोन-तृतीयांश कप मऊ चीज सांगितलें होतें, त्याचें तीन-चतुर्थांश हवें होतें. अपूर्णांकांचा गुणाकार न करतां त्यांनीं दोन-तृतीयांश कप चीज पाटावर काढलें, त्याची गोल थापटी केली, तिच्यावर फुली मारली आणि एक चौथाई बाजूला काढून टाकली. उत्तर अर्धा कप येतें हें त्यांना शेवटपर्यंत समजण्याची गरजच पडली नाहीं! लेव्ह बाईंनीं यावरून ज्ञान हें डोक्यांत सांठविलेलें नसून व्यवहारांत वांटलेलें असतें असा सिद्धांत काढला. सिद्धांत तेजस्वी आहे. पण तो टोंकाला नेला तर थापटी न करतां येणाऱ्या चिजाचें काय करावयाचें, याला त्यांत उत्तर सांपडत नाहीं.

दुसऱ्या टोंकाचें उदाहरण बेनीचें. हा बारा वर्षांचा अमेरिकन मुलगा. नांव अर्थात् बदललेलें. त्याच्या शाळेंत प्रत्येक मुलानें आपापल्या गतीनें पुस्तिका सोडवीत पुढें जावें अशी योजना होती. वर्गांत बोलणें नाहीं, सामुदायिक पाठ नाहीं. उत्तर किल्लीशीं जुळलें कीं पुढची पुस्तिका. बेनी चांगल्या गुणांनीं पुढें जात होता आणि शिक्षिकेच्या मतें हुशार मुलांत मोडत होता. १९७३ सालीं स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकानें त्याच्याशीं बसून गप्पा मारल्या तेव्हां भलतेंच उघडकीस आलें. दोन-दशांश या अपूर्णांकाचें दशांशचिन्हांत रूप बेनी १.२ असें करी, आणि ०.३ व ०.४ यांची बेरीज ०.०७ अशी. प्रत्येक उत्तरामागें त्याचा स्वतःचा नियम होता. नियम सुसंगत होता. आणि गणित हें कोणीतरी कोठेंतरी बसून बनविलेल्या अशा नियमांचें जंजाळ आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. पियाजे म्हणतात त्याप्रमाणें बेनीनें आपलें ज्ञान स्वतः आंत रचलें होतें, यांत शंका नाहीं. तें कोणापुढें मांडण्याची, ‘हें असें कसें?’ असें कोणीं विचारण्याची वेळ मात्र कधीं आली नव्हती.

बेनीच्या या एकांताला उलट चित्र म्हणून इंडियाना संस्थानांतील एका वर्गाकडे पाहतां येईल. १९८६–८७ या शालेय वर्षांत पॉल कॉब, एर्ना याकेल आणि टेरी वुड यांनीं तेथील दुसऱ्या इयत्तेचा एक वर्ग वर्षभर पाहिला. कॉब हे मूळचे पक्के बुद्धिपक्षी. लेस्ली स्टेफी यांच्याबरोबर जॉर्जिया विद्यापीठांत काम करतांना, एकेका मुलासमोर बसून, तें मोजतांना मनांत काय करतें याचें अत्यंत बारीक विश्लेषण त्यांनीं केलेलें होतें. वर्ग म्हणजे अशीं वीस-पंचवीस मनें शेजारी-शेजारी, अशा धारणेनें मंडळी वर्गांत आली, आणि पहिल्या कांहीं दिवसांतच ती धारणा अपुरी पडली. बाईंनीं ‘तूं हें कसें केलेंस?’ असें विचारावें, तर मुलें आपली रीत न सांगतां बाईंच्या मनांत काय आहे याचा अंदाज बांधूं लागत. पहिल्या इयत्तेंतच तीं एवढें शिकून आलीं होतीं. तेव्हां गणिताआधीं बाईंना वर्गाचा शिरस्ता बदलावा लागला. येथें उत्तराइतकीच रीत महत्त्वाची, दुसऱ्याचें ऐकावयाचें, पटलें नाहीं तर तसें म्हणावयाचें, चुकलेल्याला हंसावयाचें नाहीं. नियम टांगून हें झालें नाहीं. ज्या-ज्या वेळीं एखादें मूल चुकून खजील होई त्या-त्या वेळीं तो प्रसंगच हातीं घेऊन बाई वर्गाशीं बोलत.

याच्याही पुढची गोष्ट त्यांना हळूहळू दिसली. फळ्यावर १६, १४ आणि ८ यांची बेरीज असते. एक मूल सांगतें, दोन दहा मिळून वीस केले, सहा आणि चार मिळून दहा, म्हणजे तीस, आणि आठ मिळवून अडतीस. दुसरें सांगतें, सोळा आणि चौदा तीस, त्यांत आठ. तिसरें उठून पहिल्याचीच रीत जरा निराळ्या शब्दांत सांगतें. मग प्रश्न पडतो : ही निराळी रीत झाली कीं तीच? हा प्रश्न शिष्टाचाराचा नव्हे, गणिताचा आहे. पण त्याचा निवाडा कोणा एकट्याच्या डोक्यांत होत नाहीं. तो वर्गांत, बोलण्यांतून, बाईंच्या एखाद्या ‘हें जवळजवळ तसेंच नाहीं का?’ अशा उद्गारानें होतो. आणि असा निवाडा ऐकतां ऐकतां मूल आपल्या रीतीची दुसऱ्याच्या रीतीशीं तुलना करूं लागतें, म्हणजे त्याच्या बुद्धीला एक नवी हालचाल जडते. याकेल व कॉब यांनीं १९९६ सालीं या वर्गाविषयीं लिहितांना असें प्रतिपादिलें कीं, मुलांच्या मनांतील समजुती आणि वर्गांतील शिरस्ते यांपैकीं एक कारण व दुसरें कार्य असें म्हणतां येत नाहीं. दोन्ही एकमेकांना घडवीत बरोबरच वाढतात. प्रत्यक्ष वर्गानें स्वतःचें मत बदलावयास लाविलें, हें कॉब यांनीं मोकळेपणीं लिहून ठेविलें आहे. विद्वानांत हा गुण विरळा.

त्या दशकांत या विषयावर पुष्कळ कागद खर्ची पडला. सगळ्याच वादांत शिरण्यांत अर्थ नाहीं. अ‍ॅना स्फार्ड यांचा १९९८ सालचा एक निबंध मात्र वगळतां येत नाहीं. शिकण्याविषयीं माणसें दोन रूपकांत बोलतात, असें त्यांनीं दाखविलें : एक मिळकतीचें, दुसरें सहभागाचें; आणि यांपैकीं एकच धरून बसण्यांत धोका आहे असें बजाविलें. मराठी कानाला हें तात्काळ पटावें. विद्या ‘संपादन’ करावी, ती ‘धन’ आहे, ती डोक्यांत ‘भरावी’, हें एक बोलणें. आणि अमका अमक्याच्या ‘तालमींत’ तयार झाला, तमक्याच्या ‘हाताखालीं’ शिकला, हें दुसरें. सावकाराची आणि उस्तादाची भाषा आपल्या घरांत नेहमींच शेजारी-शेजारी नांदत आलेली आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी घोकीत. नव्या शिक्षणानें त्या पाठांतराला नांवें ठेविलीं, आणि तें निव्वळ घोकंपट्टी होतें तेथें तीं योग्यच ठेविलीं. पण ते पाढे पेठेच्या गरजेंतून जन्मले होते. पावशेर, अडीच शेर यांचा हिशेब करणाऱ्या समाजाचें गणित त्यांच्या रूपानें शाळेंत येऊन बसलें होतें. ते गेले तेव्हां पेठेकडे उघडणारी शाळेची एक खिडकीही बंद झाली, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्या खिडकींतून पुन्हां पाहण्याचा एक प्रयत्न मुंबईंतच झाला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनीं धारावींतील घरगुती उद्योगांत वावरणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास केला. शिवणकाम, चामड्याच्या वस्तू अशा धंद्यांत हीं मुलें माप आणि हिशेब यांचें बरेंच ज्ञान उचलतात. पण तें शाळेंतल्या गणिताला जाऊन मिळत नाहीं, असें त्यांना आढळलें.

दिल्लींत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दुव्याच्या अवघडपणाची साक्ष देतो. मोयरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की प्रभृतींनीं ‘प्रथम’ या संस्थेच्या सहकार्यानें १,५४० बालकांवर तो केला. लहान मुलांना घोळक्यानें बसवून संख्येचे व आकारांचे खेळ खेळविले. मुलांची अंदाजाची जाण सुधारली आणि वर्षानंतरही टिकली. पण शाळेंत गेल्यावर तेथील गणिताला तिचा उपयोग झाला नाहीं.

आणि मग २०२५ च्या फेब्रुवारींत ‘नेचर’ या नियतकालिकांत एक निबंध आला, ज्यानें रेसिफेची गोष्ट चाळीस वर्षांनीं कलकत्ता आणि दिल्ली येथें आणून ठेविली. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो, स्पेल्की व त्यांचे सहकारी यांनीं या दोन शहरांच्या बाजारांत माल विकणारीं १,४३६ मुलें तपासलीं. पांचांवरून सिद्धांत कसा काढतां, हा आक्षेप आतां उरला नाहीं. २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे, अशा धर्तीचा सौदा घालावा. बटाट्यांचे १६, कांद्यांचे २१, मिळून ३७, दोनशेंची नोट दिली तर परत १६३, असे हिशेब हीं मुलें कागदावांचून करीत. पाठांतर, दुसऱ्याची मदत किंवा पैशाचा लोभ यांनीं त्याचा उलगडा होत नाहीं, हेंही संशोधकांनीं तपासून पाहिलें. पण त्याच किंवा त्याहून सोप्या संख्या शाळेच्या पद्धतीनें मांडल्या कीं तीं अडखळत.

या वेळीं मात्र संशोधकांनीं आणखी एक गोष्ट केली, जी रेसिफेच्या पहिल्या निबंधांत नव्हती. बाजाराजवळच्याच शाळांतील, कधीं कांहीं न विकलेलीं, ४७१ मुलेंही त्यांनीं तपासलीं. साध्या आंकड्यांच्या मांडणींत हीं मुलें विक्रेत्या मुलांपेक्षां सरस ठरलीं. मग त्यांना बाजारांतला एक हिशेब घातला. विक्रेत्या मुलांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक मुलांनीं तो सोडविला होता. शाळेंतल्या मुलांनीं कागद ओढले, लांबलचक मांडण्या केल्या, बराच वेळ घेतला. शंभरांत एकाचें उत्तर बरोबर आलें.